शुक्र : ‘तो’ दैत्यगुरू की ‘ती’ चांदणी?

अवनी (धागाकर्ती)

श्रावण लागला की आमच्या घरी देवघराशेजारच्या भिंतीवर जिवतीचा कागद लागतो. वर नरसिंह, त्याखाली कालियाच्या फण्यावर उभा कृष्ण, मग मुलाबाळांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका आणि तळाशी हत्तीवर बसलेला बुध व वाघावर बसलेला बृहस्पती, हे चित्र इथल्या बहुतेकांनी लहानपणापासून पाहिलेले असेल. यंदाच्या पहिल्या शुक्रवारी, म्हणजे २५ जुलै २०२५ ला, आघाडा-दूर्वांची माळ घालून, पुरणाच्या दिव्यांनी आरती करून फुटाणे वाटत असताना माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने विचारले, “बुधवारचा बुध आहे, गुरुवारचा गुरू आहे, मग शुक्रवारचा शुक्र कुठे आहे?” आई म्हणाली, “शुक्रवार देवीचा असतो गं.” भाचीचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

पुराणातला शुक्र हा भृगुऋषींचा मुलगा, असुरांचा गुरू, तापट आणि एका डोळ्याने अधू असा पुरुष आहे. आकाशातल्या त्याच ग्रहाला मात्र आपण ‘शुक्राची चांदणी’ म्हणतो आणि देखण्या मुलीला तिची उपमा देतो. मंगळाची चांदणी किंवा शनीची चांदणी असे कोणी म्हटलेले मी तरी ऐकलेले नाही. पत्रिकेत हाच दैत्यगुरू पत्नी, दागिने, अत्तरे, वाहने आणि संगीत यांचा कारक होतो. तपश्चर्या करणाऱ्या ऋषीकडे हे खाते कसे आले असावे?

दुसरा प्रश्न थोडा घरगुती आहे. २०२४ च्या मे महिन्यात माझ्या चुलतभावाचे लग्न ठरत होते. गुरुजींनी पंचांग उघडून “शुक्रास्त आहे, शिवाय गुरूचाही अस्त आहे” असे सांगितले आणि तारीख नोव्हेंबरात गेली. कार्यालयाची अनामत बुडाली ती वेगळीच. ग्रह दिसत नाही म्हणून लग्न थांबते, यामागची कल्पना नेमकी काय आहे, हे जाणकारांनी सांगावे.

कुंडलीवाचक

अवनीताई, ‘तो की ती’ या प्रश्नाचे उत्तर ज्योतिषग्रंथांतच आहे आणि ते पुराणाच्या नेमके उलट आहे. वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त ग्रहांची लिंगे सांगताना बुध आणि शनी यांना नपुंसक म्हटले, चंद्र आणि शुक्र यांना ‘युवती’ म्हटले आणि उरलेल्यांना पुरुष म्हटले. म्हणजे जातकशास्त्राच्या दृष्टीने शुक्र हा स्त्रीग्रह आहे, मग मूर्तीत त्याला कितीही दाढी असो.

त्याच अध्यायात ग्रहांची पर्यायी नावे दिली आहेत. शुक्राची नावे भृगु, भृगुसुत, सित अशी ओळखीची येतात आणि मध्येच ‘आस्फुजित्’ हा शब्द येतो. या शब्दाची संस्कृत व्युत्पत्ती लावू पाहणाऱ्याची फार ओढाताण होते, कारण तो संस्कृत नाहीच. तो ग्रीकांच्या ‘अफ्रोदिती’चा भारतीय उच्चार आहे. ‘होरा’ आणि ‘केंद्र’ हे शब्दही त्याच वाटेने आले. ग्रीक जातकात हा ग्रह प्रेमदेवतेचा होता, त्यामुळे विवाह, शृंगार आणि विलास ही तिची खाती ग्रहाबरोबर आली आणि आपल्याकडे त्या ग्रहावर आधीच बसलेल्या आचार्यांच्या नावावर चढली. मी स्वतः पत्रिका पाहतो आणि हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही. वृषभ-तुळेचे स्वामित्व, मीनेत उच्च, कन्येत नीच आणि विंशोत्तरीत (आयुष्याची वर्षे ग्रहांना वाटून देणाऱ्या पद्धतीत) सर्वांत लांब, २० वर्षांची महादशा, हे सगळे शुक्राचे वैभव त्या ‘युवती’चे आहे, दैत्यगुरूचे नाही.

अस्ताविषयी सांगायचे तर विवाहाच्या मुहूर्तासाठी गुरू आणि शुक्र हे दोन्ही ग्रह आकाशात सबळ, म्हणजे दृश्य असावेत असा नियम आहे. ग्रह सूर्याच्या फार जवळ गेला की तो त्याच्या तेजात लोपतो. त्याआधीचे काही दिवस त्याचे ‘वार्धक्य’ आणि उदयानंतरचे काही दिवस ‘बाल्य’ मानतात, आणि तेही वर्ज्य असतात. तुमच्या भावाच्या वेळी एप्रिलअखेर ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत शुक्रास्त होता आणि त्यातच मे महिन्यात गुरूही अस्तंगत झाला, त्यामुळे मे-जूनचे मुहूर्त गेले. निकड असेल तर आपत्कालीन मुहूर्तांची सोयही परंपरेत आहे. ती गुरुजींना विचारायला हवी होती.

दुर्बीण

मुहूर्तावर माझा विश्वास नाही, पण अस्ताचे गणित मात्र सुंदर आहे. पंचांगात ‘पूर्वेस अस्त, पश्चिमेस उदय’ किंवा ‘पश्चिमेस अस्त, पूर्वेस उदय’ असे लिहिलेले असते. हे दोन वेगळे प्रसंग आहेत. पहिल्यात शुक्र पहाटेचा तारा म्हणून मावळतो, सूर्याच्या पलीकडून फिरतो आणि साधारण दोन महिन्यांनी, कधी थोडे कमी तर कधी थोडे जास्त दिवसांनी, सायंकाळी पश्चिमेला उगवतो. दुसऱ्यात तो सायंकाळच्या आकाशातून वेगाने खाली येतो, सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधून जातो आणि आठवडाभरातच पहाटे पूर्वेला हजर होतो. पलीकडे असताना तो आपल्यापासून सुमारे २६ कोटी किलोमीटर दूर असतो, तर मधून जाताना जेमतेम ४ कोटी किलोमीटरवर येतो, म्हणून त्याचे बिंब सहापट मोठे दिसते. ‘सूर्यसिद्धांत’ या जुन्या खगोलग्रंथाला हे ठाऊक होते, तिथे पश्चिमेच्या अस्ताला ८ अंश आणि पूर्वेच्या अस्ताला १० अंश अंतर सांगितले आहे आणि कारणही दिले आहे की पहिल्या वेळी बिंब थोर असते, दुसऱ्या वेळी लहान. दुर्बीण नसलेल्या काळात हा फरक कोणीतरी नुसत्या डोळ्यांनी टिपला होता, हे मला कुठल्याही फलितापेक्षा मोठे वाटते.

हा सगळा फेरा ५८४ दिवसांचा असतो. असे पाच फेरे म्हणजे २९२० दिवस, म्हणजे जवळजवळ बरोबर आठ वर्षे. त्यामुळे २५ मार्च २०१७ ला जी युती झाली (म्हणजे शुक्र सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधून गेला) तीच २३ मार्च २०२५ ला जवळपास त्याच जागी पुन्हा झाली. आठ वर्षांतल्या पाच युतींच्या जागा राशिचक्रावर खुणावून त्या क्रमाने जोडल्या तर पंचकोनी चांदणी तयार होते. अवनी, तुमची ‘शुक्राची चांदणी’ अशी कागदावरही काढता येते.

गोदाकाठ

मी कोपरगावचा. आमच्या बेटावर गोदावरीच्या काठी शुक्राचार्यांचे देऊळ आहे आणि जवळच कचेश्वराचे. शुक्राचार्यांचा आश्रम इथेच होता आणि कच संजीवनी शिकायला इथेच आला, असे आम्ही मानतो. या स्थानी लग्नाला मुहूर्त पाहावा लागत नाही, अशीही आमच्याकडची श्रद्धा आहे. जिथे शुक्र स्वतः बसला आहे तिथे शुक्रास्त कसला, असा त्यामागचा साधा हिशेब. अवनीताई, अनामत वाचली असती.

शुक्राविषयी पुराणे वाचताना मला नेहमी वाटते की या माणसाची सगळी गोष्ट गिळण्या-गिळवण्याची आहे. महाभारताच्या शांतिपर्वात तो योगबळाने कुबेराचे धन हरतो, शंकर रागावून त्याला गिळतो आणि अखेर तो शिवाच्या शिश्नावाटे बाहेर येतो, म्हणून त्याचे नाव शुक्र. पार्वती त्याला पुत्र मानून वाचवते. आदिपर्वात तोच उलट जागी येतो. असुर कचाला एकदा मारून लांडग्यांना घालतात, दुसऱ्यांदा वाटून समुद्रात मिसळतात आणि तिसऱ्यांदा जाळून त्याची राख मद्यातून खुद्द गुरूला पाजतात. देवयानी हट्ट धरते. कचाला जिवंत करावे तर गुरूचे पोट फाटणार, म्हणून शुक्र पोटातल्या शिष्यालाच संजीवनी शिकवतो. कच पोट फाडून बाहेर येतो आणि मेलेल्या गुरूला त्याच विद्येने उठवतो. त्यानंतर शुक्राने ब्राह्मणांना मद्य वर्ज्य केले. चूक स्वतःची आणि नियम सगळ्यांना, हा आपल्याकडचा जुना रिवाज तिथूनच आला असावा.

आता मुद्द्याचे. पोटात जाऊन दिसेनासा होणारा आणि पुन्हा जिवंत बाहेर येणारा हा ऋषी आणि सूर्यात लोपून पुन्हा उगवणारा तो ग्रह, या दोहोंचा संबंध नाही असे मानणे मला कठीण जाते. संजीवनी देवगुरू बृहस्पतीकडे नाही, शुक्राकडेच आहे, कारण बारा-तेरा महिन्यांतून एकदाच लोपणाऱ्या गुरूच्या मानाने शुक्राचा ‘मृत्यू’ आणि ‘पुनर्जन्म’ फार ठळक, कधी तर आठवड्याभरात घडणारा.

जाता जाता आणखी एक. आपण पूजेच्या संकल्पात ‘दण्डकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे’ असे म्हणतो. दंड राजाने शुक्राच्या मुलीवर, अरजेवर, अत्याचार केला, तेव्हा शुक्राच्या शापाने त्याचे राज्य सात दिवसांत धुळीला मिळाले आणि त्याचे दंडकारण्य झाले, अशी रामायणाच्या उत्तरकांडातली कथा आहे. म्हणजे आपला देशोच्चारही शुक्राच्या शापातून आलेला आहे, सत्यनारायण सांगणाऱ्यांना हे माहीत असो वा नसो.

इष्टिका

गोदाकाठ यांचा तर्क आकर्षक आहे, पण तो जरा जपून वापरावा असे मला वाटते. एखादी कथा वाचायची, ती ग्रहगतीशी जुळवायची आणि न जुळणारे तपशील सोडून द्यायचे, असे केले तर काहीही सिद्ध होते. महाभारत कचाच्या कथेत ग्रहाचे नावही काढत नाही.

जिथे संबंध लिहून ठेवलेला आहे, अशी दोन ठिकाणे मात्र सांगता येतात. मध्य मेक्सिकोतल्या परंपरेत केत्झलकोआत्ल हा देव-राजा स्वतःला जाळून घेतो आणि त्याचे हृदय पहाटेचा तारा होते. तो चार दिवस पाताळात असतो आणि आणखी चार दिवस बाण तयार करण्यात घालवतो, मग उगवतो, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. मायांच्या ड्रेस्डेन इथल्या पोथीतल्या कोष्टकात शुक्राचा फेरा २३६, ९०, २५० आणि ८ अशा दिवसांत विभागला आहे. शेवटचे ८ दिवस म्हणजे ‘दुर्बीण’ यांनी सांगितलेला छोटा अस्त. तिथला शुक्र पुरुष आहे, योद्धा आहे आणि त्याचा पहिला उदय लोकांना भीतिदायक वाटत असे. सौंदर्याचा तिथे संबंध नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे मेसोपोटेमिया. सुमेरी इनन्ना, पुढची इश्तार, हीच शुक्राची देवी आणि आठ टोकांची चांदणी हे तिचे चिन्ह. ती पाताळात उतरते, सात दारांवर एकेक अलंकार आणि वस्त्र काढून ठेवते, तिचे प्रेत तीन दिवस तीन रात्री खुंटीला टांगलेले राहते आणि मग ती परत येते. अनेक जण याला शुक्राचा अस्त म्हणतात. तीन दिवसांचे गणित मात्र नीट बसत नाही, हे मान्य केले पाहिजे. बाबिलोनचा राजा अम्मीसदुका, हम्मुरबीच्याच घराण्यातला, याच्या काळातल्या २१ वर्षांच्या शुक्राच्या उदयास्तांच्या नोंदी मातीच्या विटांवर उतरवलेल्या मिळाल्या आहेत. प्रत्येक नोंदीपुढे फलित आहे: पाऊस येईल, पीक चांगले येईल, राजांत वैर होईल. कुणाचे लग्न व्हावे की न व्हावे, याचा त्यात मागमूस नाही.

आणि अवनी, तुमच्या प्रश्नासाठी: पहाटेचा शुक्र आणि सायंकाळचा शुक्र यांना दोन वेगळी लिंगे मानणारे उल्लेख त्या शकुनग्रंथांत आहेत आणि असुरबनिपालाच्या एका स्तोत्रात तर इश्तारला चक्क दाढी आहे. ग्रीकांचे पहाटेचा फॉस्फोरस आणि सायंकाळचा हेस्परस हे दोघेही पुरुष, ग्रह मात्र अफ्रोदितीचा. इराणात तो नाहीद, म्हणजे अनाहिता देवी, आणि अरबीत झुहरा, तीही स्त्री. हा घोळ केवळ मराठीचा नाही.

कुंडलीवाचक

‘इष्टिका’ यांच्या पाऊस-पिकाच्या मुद्द्याला जोड देतो. वराहमिहिराच्याच ‘बृहत्संहिते’त शुक्रचाराचा मोठा अध्याय आहे. नक्षत्रांच्या तीन-तीनच्या गटांना नागवीथी, गजवीथी, ऐरावतवीथी अशा नऊ वाटा कल्पून शुक्र कोणत्या वाटेने चालला आहे त्यावरून पाऊस, धान्य आणि राजे यांचे भाकीत केले आहे. तिथला शुक्र ‘बृहज्जातका’तल्या युवतीहून अगदी निराळा आहे. एकच लेखक, एकच ग्रह, पण एका ग्रंथात जुना आकाशातला शुक्र आणि दुसऱ्यात नवा पत्रिकेतला.

दोन्ही शुक्र एकत्र आलेले पाहायचे असतील तर मुहूर्तग्रंथांतला ‘संमुख शुक्र’ पाहा. नव्या नवरीने, गर्भवतीने किंवा तान्ह्या बाळाच्या आईने शुक्र समोर असलेल्या दिशेला प्रवास करू नये, असा तो दोष. त्याला अपवाद असा की, चंद्र रेवतीपासून कृत्तिकेच्या पहिल्या चरणापर्यंत असेल तेव्हा शुक्र आंधळा असतो आणि खुशाल जावे. स्त्रियांच्या प्रवासाशी त्याचा संबंध पत्रिकेच्या बाजूचा वाटतो, तर त्याचे आंधळेपण सरळ वामनाच्या कथेची आठवण करून देते. माझी आजी आत्याला पहिल्यांदा सासरी पाठवताना हा दोष पाहत असे. आता मुली पहाटेच्या विमानाने जातात आणि शुक्र खिडकीतून समोर दिसतो.

टोरांटोकर

पंचांगातल्या अस्ताविषयी एक अनुभव सांगतो. यंदाच्या मार्चमध्ये २३ तारखेच्या युतीच्या वेळी शुक्र सूर्याच्या सुमारे ८ अंश उत्तरेला होता. आमच्याकडे, ४३ अंश उत्तर अक्षांशावर, याचा परिणाम असा झाला की युतीच्या दोन दिवस आधी मी सूर्य मावळल्यावर तलावाच्या काठावरून पश्चिमेला शुक्र पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवण्याआधी त्याच काठावरून पूर्वेलाही पाहिला. हातातल्या साध्या द्विनेत्रीतून तो नखाएवढ्या चंद्रकोरीसारखा, आडवा आणि केसाइतका बारीक दिसत होता. घरी फ्रिजवर लावलेल्या मराठी दिनदर्शिकेत त्या दिवसांत शुक्राचा अस्त छापलेला होता. पंचांग भारतातल्या स्थळासाठी केलेले असते, त्यामुळे चूक कोणाचीच नाही. पण इथे मुलीचे लग्न ठरवताना मंडळी भारतातला अस्त पाळतात आणि आकाशात पाहत नाहीत, याची मला गंमत वाटते. (सूर्य क्षितिजाखाली असल्याची खात्री केल्याशिवाय द्विनेत्री तिकडे वळवू नये, हे मुद्दाम लिहितो.)

अवनी

सर्वांचे आभार. ‘झारीतील शुक्राचार्य’ मात्र कोणीच उलगडून सांगितला नाही. मी शोधले तेव्हा कळले की भागवताच्या आठव्या स्कंधात शुक्राचार्य बळीला “हा बटू विष्णू आहे, दान देऊ नकोस” असे बजावतात आणि तो ऐकत नाही म्हणून त्याला शाप देतात. झारीच्या तोटीत शिरून पाणी अडवणे आणि वामनाने दर्भाच्या काडीने डोळा फोडणे हा प्रसंग तिथे नाही, तो अन्यत्रच्या कथांतून आणि कीर्तनांतून आपल्यापर्यंत आला. मला खटकले ते वेगळेच. दिवाळीच्या पाडव्याला आपण “इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो” असे म्हणतो. ते राज्य वाचवण्यासाठी ज्याने स्वतःचा डोळा गमावला, त्याचेच नाव आपण सरकारी कचेरीत फाइल अडवणाऱ्याला देतो.

गोदाकाठ

हे आमच्या बेटावरच्या देवळात पाटी लावून लिहायला हवे.

दुर्बीण

अवनी, भाचीसाठी एक निरोप. सध्या शुक्र पहाटे पूर्वेला आहे आणि येत्या १२ ऑगस्टला, मंगळवारी, तो आणि गुरू एका अंशाहूनही कमी अंतरावर येणार आहेत. देवांचा गुरू आणि दैत्यांचा गुरू, करंगळीच्या टोकाआड दोघेही झाकले जातील इतके जवळ. साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान पूर्वेला पाहा. श्रावणातले ढग ही एकच अडचण आहे. नंतर डिसेंबरात शुक्र पुन्हा अस्ताला जाईल आणि जानेवारी जवळजवळ संपेपर्यंत दिसणार नाही, तेव्हा लग्न ठरवणाऱ्यांनीही हीच वेळ साधावी.

अवनी

१२ तारखेचा वृत्तांत. पावणेपाचला गच्चीवर गेलो तेव्हा भुरभुर चालू होती आणि मी परत फिरणार होते. भाची छत्री धरून टाकीच्या कठड्याला टेकून उभी राहिली. पाच वाजून गेल्यावर पूर्वेला ढगांत हातभर रुंदीची फट पडली आणि तिच्यात दोन ठिपके एकमेकांना चिकटून दिसले, एक लख्ख पांढरा आणि एक त्याच्यापेक्षा मंद, किंचित पिवळसर. “यातला कागदावरचा कोण?” असे तिने विचारले. मंद दिसतो तो, असे मी सांगितले. “म्हणजे जास्त चमकणाऱ्यालाच काढला नाही,” ती म्हणाली. तेवढ्यात फट बुजली.